ऐंशी टक्क्यांचा संकल्प

३ नोव्हेंबर, पहाटे ५
समुद्रातल्या या प्लॅटफॉर्मवर कार्यक्षमता वाढवणं आता माझ्याकडे. विहिरींतून जेवढं तेल निघू शकतं, त्यातलं आम्ही बासष्ट टक्केच काढतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ऐंशी गाठले नाहीत तर प्लॅटफॉर्म बंद, मी धरून चाळीस माणसं घरी. इथे दिवा लावायला बंदी. नुसते हात जोडून संकल्प सोडला.

५ नोव्हेंबर
आठवड्यातून सहा तास पंप थांबवून वाळू अडवणारी जाळी धुतात. बंद केलं. सहा तास सरळ वाचले! पंप सांभाळणारे फिटरमामा म्हणाले, मग दातही घासू नका, तेवढाच वेळ वाचेल. माणूस चांगला, दूरदृष्टी नाही.

९ नोव्हेंबर
एकाहत्तर! बायकोला फोन केला. म्हणाली, गाडीचं ऑइल बदलायचं वाचवलंत तेव्हाही असेच खुशीत होतात. विषय बदलला.

१४ नोव्हेंबर
अडुसष्ट. पंप कण्हतो. उद्यापासून दर तासाला प्रत्येकाने ‘उत्पादन का घटले’ हा फॉर्म भरायचा.

१५ नोव्हेंबर
बहुतेकांनी कारण एकच लिहिलंय: फॉर्म भरत होतो. आचाऱ्याने लिहिलं, माझ्या कढईतलं तेल घटलेलं नाही. शिस्त मुरायला वेळ लागतो.

१९ नोव्हेंबर, दुपारी
जाळी फाटली, वाळू पंपात. एकतीस तास थेंब नाही. आकडा चव्वेचाळीस. मामांनी दुसरा पंप बसवला आणि जाळी धुवायचा वार तेवढा परत द्या म्हणाले. कसा देऊ? आता तर मिनिटभर थांबणंही परवडणार नाही. मी कंट्रोल रूममध्ये शिरलो की सगळे गप्प होतात. आदर असावा. जपाला बसलो तर नामाऐवजी टक्केच तोंडात येतात. देवा, चाळीस घरं आहेत रे.

२३ नोव्हेंबर
फॉर्म वाचत जिना उतरताना घसरलो. कंबर गेली. डॉक्टरने आठ दिवस झोपवलं. नेमका शेवटचा आठवडा! माझ्यावाचून यांचं कसं व्हायचं? उशीत तोंड खुपसून रडलो.

२४ नोव्हेंबर
पंपाची घरघर थांबली. ओरडलो. डॉक्टर म्हणाला, मामा जाळी धुताहेत, आणि ओरडल्याने कंबर जास्त दुखते. संपलं. देवाला म्हटलं, ऐंशीचं राहू दे, माणसं तेवढी सुखरूप घरी पोचव.

१ डिसेंबर
शहाऐंशी! प्लॅटफॉर्म वाचला. किनाऱ्यावरून साहेबांचा फोन. या आठवड्यात वेगळं काय केलंत, विचारत होते. मी नम्रपणे म्हणालो, पाया मीच घातला होता. साहेब म्हणाले, मामांनाही विचारलं. वेगळं एवढंच की तुम्ही झोपून होतात. उद्याच्या हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर या. परत कधी यायचं, असं विचारलं, तर म्हणाले, कंबर सांभाळा.

बाहेर टाळ्या वाजताहेत. चाळीस घरं वाचली.

एकोणचाळीस.