आइसमेकर कोणी उघडला?

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

फ्रीजचा आइसमेकर बंद. डब्याच्या तळाला चार खडे, तेही एकमेकांना चिकटलेले. दोन मी कोल्ड कॉफीत घातले. दोन ताईच्या सासऱ्यांसाठी, म्हणजे तात्यांसाठी ठेवले. गोळ्यांनी त्यांचं तोंड कोरडं पडतं, म्हणून दिवसभर बर्फ चघळत असतात. माणसाने दुसऱ्याचाही विचार करावा.

ताई ड्यूटीवर निघताना बूट चढवता चढवता म्हणाली, मेकॅनिकला फोन कर, नंबर फ्रीजच्या दारावर आहे. मी म्हटलं, बघतो. म्हणजे मी स्वतः बघतो, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

संकल्प: या घरात चौदा महिने झाले. (नव्या कामाची बोलणी चालू आहेत.) आता काहीतरी ठोस करून दाखवायचं. आपला हात जगन्नाथ.

दुपारी १

तात्या फ्रीजला कान लावून उभे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे कशालाही कान लावतात. म्हणाले, पाहुणे, आत पाणी पडल्याचा आवाजच नाही. (चौदा महिने झाले तरी मी पाहुणेच.) मी नम्रपणे सांगितलं, हा इलेक्ट्रॉनिक प्रश्न आहे. त्यांनी मान डोलावली. वीस मिनिटांनी परत आले, पाहुणे, फ्रीजला काय झालंय?

माणूस देवासारखा. पण त्यांच्या मतावर विसंबायचं किती?

४ मार्च, मंगळवार

सहा व्हिडिओ पाहिले. विषय हातात आला. आत तीनच गोष्टी असतात: साचा, मोटर आणि एक दांडी. डबा भरला की दांडी वर जाते आणि यंत्राला वाटतं, आता काम करायची गरज नाही.

दांडी खाली केली. वर केली. परत खाली. आता ती कुठेच थांबत नाही. म्हणजे दोष दांडीत होता, हे निदान बरोबर.

जागा अरुंद. दाजींच्या पेटीतले स्क्रू ड्रायव्हर आत जात नाहीत. तात्यांच्या पत्र्याच्या डब्यात घड्याळाचे बारीक आहेत. एक घेतला. ते झोपले होते. मागितला असता तर दिलाच असता, म्हणजे परवानगी होतीच.

५ मार्च, बुधवार

आइसमेकर बाहेर काढला. तीन स्क्रू निघाले.

आइसमेकर परत बसवला. दोन स्क्रू लागले. कंपन्या उगाच एक जास्तीचा लावतात.

दुपारी ३

नवी थिअरी. पाणी साच्यात पडतं ती नळी गोठली असणार. ताईचा हेअर ड्रायर घेऊन पंधरा मिनिटं धरला. नळी मऊ झाली. मग जरा जास्तच मऊ झाली. वाकली. जळका वास आला, तो खिडकी उघडल्यावर बराचसा गेला.

संध्याकाळी ताईने विचारलं, ड्रायरला कसला वास येतोय? सांगितलं, तपास चालू आहे. दाजी म्हणाले, मेकॅनिकला बोलवूया का? मी म्हटलं, दोन दिवस द्या. दाजी कधी वाद घालत नाहीत. दिवसभर बस चालवतात, हॉर्नसुद्धा वाजवत नसतील. फक्त उसासा टाकतात.

तात्यांसाठी आज पाण्याचा पेला ठेवला. बर्फाची सर त्याला नाही म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात: एक वायर दारात अडकून राहिली होती. फ्रीजर रात्रभर किंचित उघडा.

ताई रविवारी उभी राहून आठवड्याचं जेवण शिजवते, डबे भरते, वर वाराची चिठ्ठी लावते. आज गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार एकाच पाण्यात तरंगत होते.

वॉर्डात बारा तास काढून आलेली. गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, तू बस. 'बस' ती पेशंटना याच आवाजात म्हणत असेल. मग फ्रीजच्या दारावरचा नंबर पाहून तिने स्वतःच फोन लावला.

ठीक आहे. नव्वद टक्के काम मी केलंच होतं.

७ मार्च, शुक्रवार

मेकॅनिक म्हणून एक बाई आल्या. चष्मा दोरीने गळ्यात. आत डोकावल्यासुद्धा नाहीत, आधी फ्रीज दोन्ही हातांनी पुढे ओढला आणि मागे वाकल्या.

"नळी चेपलीये."

सिंककडून येणारी पांढरी बारीक नळी फ्रीज आणि भिंतीच्या मध्ये दबली होती. गेल्या रविवारी लॅपटॉपच्या चार्जरसाठी भिंतीवरचा मागचा सॉकेट हवा होता, तेव्हा फ्रीज मीच सरकवला होता. त्यांनी नळी सरळ केली. आत पाणी पडल्याचा आवाज झाला. एवढंच होतं. चार मिनिटं.

मग त्यांनी फ्रीजर उघडला.

तुटलेली दांडी काढून ओट्यावर ठेवली. वाकडी नळी ठेवली. मग साच्यामागे दोन बोटं घालून पितळी टोपीचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. तो मी बुधवारपासून शोधत होतो.

"हे कोणी उघडलं?"

आज ताईला सुट्टी, दाजीही घरी. दोघांनी स्क्रू ड्रायव्हर ओळखला. दोघांची नजर टेबलापाशी बसलेल्या तात्यांकडे गेली. मी तोंड उघडलं. देवाशपथ, सांगण्यासाठीच उघडलं होतं. बाहेर आलं ते असं:

"वय झालंय त्यांचं."

तीन शब्द. तसं पाहिलं तर खोटंही नाही.

तात्या म्हणाले, "मी? मला तर आठवत नाही." मग आपले हात उलटसुलट करून पाहिले. "पण स्क्रू ड्रायव्हर माझाच आहे. म्हणजे मीच असणार. माफ कर हं, सूनबाई."

बाई म्हणाल्या, प्लग चालू असताना उघडलाय, नशीब म्हणायचं. यांना एकटं ठेवत जाऊ नका.

मी बाईंना पाणी हवं का, एवढं विचारलं.

८ मार्च, शनिवार

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. मी ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं. जानेवारीत तात्यांनी गॅस चालू ठेवला होता, तेव्हा दाजी म्हणाले होते की एकदा कोणाचंही होतं. आता म्हणाले, दुसऱ्यांदा झालं. तासाभरावर एक केंद्र आहे. तिथे वयस्क लोक राहतात, चोवीस तास माणसं असतात.

ताईने मला विचारलं, तू घरातच होतास ना? तुझं लक्ष कुठे होतं? मी म्हटलं, ऑनलाइन मीटिंग होती. मीटिंग नव्हती. गेल्या ऑगस्टपासून नाही.

तात्या गेले तर त्यांची खोली रिकामी होईल. खिडकीवाली. मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो.

हा विचार मी केलेला नाही. फक्त लिहिला.

१० मार्च, सोमवार

नवीन सुटा भाग बसवून गेल्या बाई. बर्फ धडाधड पडतोय. तात्या प्रत्येक वेळी दचकतात. फ्रीजजवळ जात नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारतात, सूनबाई, एक खडा घेऊ का? त्यांच्याच घरात.

संकल्प: ताईला आज सांगायचं. जेवण झाल्यावर.

जेवण झाल्यावर ती दमली होती. उद्या.

११ मार्च, मंगळवार

ताईला दुपारची ड्यूटी. गाठच पडली नाही.

१२ मार्च, बुधवार

गाठ पडली. पण दाजींचं डोकं दुखत होतं. अशा वेळी सांगणं बरं दिसत नाही.

१३ मार्च, गुरुवार

शब्दांची जुळवाजुळव करतोय. 'गैरसमज' हा शब्द चांगला आहे. 'झालेल्या गैरसमजाबद्दल.' यात कोणी काही केलेलंच नसतं.

१५ मार्च, शनिवार

तिघं केंद्र बघायला गेले. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. कुठे चाललोय ते दोनदा विचारलं, दोनदा ऐकून घेतलं, दोनदा म्हणाले, हो, बरोबर आहे, कोणाला तरी इजा व्हायची.

गोळ्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली मी गाडीपर्यंत नेऊन दिली. तात्या म्हणाले, पाहुणे, किती करता हो तुम्ही.

गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो. मग वर येऊन कॉफी केली. प्यायलो नाही. बेसिनमध्ये ओतली.

चारला परत आले. जागा स्वच्छ आहे म्हणे. गुरुवारपासून खाट मिळेल.

१६ मार्च, रविवार

सकाळी तात्या पत्र्याचा डबा घेऊन सोफ्यापाशी आले. म्हणाले, "पाहुणे, हा तुमच्याकडे राहू दे. माझा भरवसा नाही. उद्या आणखी काही उघडीन."

सगळे स्क्रू ड्रायव्हर पुसलेले, फडक्यात लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. चिमटे वेगळे. डोळ्याला लावायची भिंगं वेगळी. मग माझ्या शेजारी बसून एकेक दाखवलं. हा मागच्या झाकणाला. हा पट्ट्याला. हा नुसता घट्ट आहे का ते बघायला, जोर द्यायचा नाही. वार कोणता ते त्यांना सांगता येत नाही. इथे एकदाही अडखळले नाहीत. पितळी टोपीवाल्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "याचं टोक बोथट झालंय. मी असं कधी करत नाही." आणि बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिले.

उठलो. डबा हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

म्हटलं, "ताई, तो मी उघडला होता. नळीही मीच चेपली. तात्यांनी हातसुद्धा लावला नाही."

ती भाजी चिरत होती. सुरी ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आणि आठ दिवस तू गप्प बसलास?"

खरं म्हणजे नऊ. मी दुरुस्त केलं नाही.

"काल त्यांना गाडीत बसवून दिलंस," म्हणाली. "हात हलवत होतास. मी आरशात बघितलं."

दाजींनी या वेळी उसासा टाकला नाही. माझ्या हातातून डबा घेतला, तात्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ दोघांचा आवाज येत होता. नंतर त्यांनी केंद्राला फोन करून सांगितलं, गुरुवारचं राहू द्या.

जेवायला मला हाक मारली. नेहमीसारखीच. त्या ताटावर बसणं फार जड गेलं.

१७ मार्च, सोमवार

घर सोड असं कोणी म्हणत नाही. मीच विचारलं तर ताई म्हणाली, जाशील कुठे? आणि घरी तात्यांजवळ कोणी तरी लागतंच. मग म्हणाली, कोणी तरी म्हणजे माणूस, हं.

कॉफीच्या वेळी तात्या म्हणाले, पाहुणे, त्या फ्रीजचं फार वाईट झालं माझ्या हातून. दाजींनी काल तासभर समजावलेलं रात्रीत पुसलं गेलं होतं. अपराध तेवढा शिल्लक.

मी सांगितलं, तात्या, तुम्ही नाही. मी.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. म्हणाले, "तुम्ही फार चांगले आहात. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेता."

१८ मार्च, मंगळवार

सांगितलं. थोपटलं.

१९ मार्च, बुधवार

सांगितलं. थोपटलं. दाजींनीही सांगून पाहिलं. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरगा आहे, बापाला पाठीशी घालणारच.

खोटं एकदा, तीन शब्दांत बोललो होतो. ते त्यांच्या पक्कं लक्षात आहे. खरं रोज सांगतोय, ते राहत नाही.

२० मार्च, गुरुवार

उपाय सुचला. कोऱ्या कागदावर जाड पेनाने, दुरूनही वाचता येईल असं लिहिलं: 'आइसमेकर पाहुण्यांनी उघडला. तात्यांनी नाही.' फ्रीजच्या दारावर धरून उभा होतो. ताईने वाचलं. आत जाऊन चिकटपट्टी आणून दिली.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.१५

कागद दारावर नाही. चिकटपट्टीची दोन टोकं तेवढी राहिली आहेत.

तात्या माझी वाटच बघत होते. हाताला धरून बाल्कनीत नेलं, दार ओढून घेतलं. चेहरा लाल. खिशातून कागदाचे तुकडे काढले, मला दिसायच्या आत मूठ मिटली.

म्हणाले, "पाहुणे, या घरात कोणी तरी तुमच्याबद्दल भलतंसलतं लिहून ठेवलं होतं. कोणी ते विचारू नका. मी फाडून टाकलं. घरी आलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? आम्हाला लाज वाटली पाहिजे."

मी काही तरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तुम्ही वाचलं तर नाही ना ते?"

तुकड्यांची मूठ त्यांनी पाठीमागे नेली. मी म्हटलं, नाही.

"बरं झालं," म्हणाले. "उगाच मनाला लावून घेतलं असतंत."