पाच बोटांचं महाळुंग

न्यूरेंबर्ग, ३ मार्च १७०९
तांब्यावर कोरणाऱ्या माझ्या भावांनो, ही वही तुमच्यासाठी. आयुष्यभर डोळे आपण फोडायचे आणि ग्रंथावर नाव चढतं बागेच्या मालकाचं. आपल्या वाट्याला चित्राखालची राईएवढी अक्षरं, तीही नशीब असेल तर. आज मात्र मी खुशीत आहे. आउग्सबुर्गहून इथं, श्टोर्लरांच्या बागेतल्या लिंबांच्या ग्रंथाची चित्रं कोरायला, पोचलो. उत्तरेच्या खिडकीजवळचं मेज मिळालं. लिंबांच्या कुंड्या थंडीमुळे अजून आतच आहेत. वास मेजापर्यंत येतो.

६ मार्च
माझ्या आधी इथं कोरणारा फाइट ओर्टल नाताळात तापानं गेला. त्यानं कोरलेला शेवटचा तांब्याचा पत्रा पाहिला: गावावर, आभाळात तरंगणारं पाच बोटांचं महाळुंग, माणसाच्या पंजासारखं फुटलेलं जाड सालीचं लिंबू. सालीचं छिद्रन् छिद्र जिवंत. मालक श्टोर्लर म्हणाले, "मेलेल्याला नाव कशाला, लोरेन्झ? खरवड ते, तुझं घाल." खरवडलं. खळगा पडला, तो पाठीमागून ठोकून वर आणला, घोटला, आणि माझं नाव उलट्या अक्षरांत कोरलं. खूण राहिली नाही.

११ मार्च
ओर्टलची बायको अपोलोनिया त्या पत्र्याचा कागदावरचा ठसा मागायला आली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "मास्तर, आमच्या ह्यांचं नाव कुठाय? शेजारणीला दाखवते. म्हणते कशी, तुझा नवरा नुसता तांबं खाजवायचा." मी माझ्याच नावावर तर्जनी ठेवली. म्हणालो, हे. तिनं तिथं ओठ टेकले.

ठसा गुंडाळून मी तिच्या हातात दिला.

१४ मार्च
तर्जनी पिवळी पडली आहे. वाळूनं घासली. कातडीवर बारीक छिद्रं. दाबली की झोंबरं तेल येतं, महाळुंगाच्या सालीचं.

१५ मार्च
नवा ठसा काढला. फळाच्या एका बोटाला नख आहे. पेरावर व्रण — माझाच, लहानपणीचा. नाव कोरल्यापासून पत्र्याला मी कोरणीही लावली नव्हती.

१६ मार्च
कोरणी निसटून त्याच बोटात घुसली. रक्त नाही. पांढरा गर, बिया. मालक म्हणाले, "फळ सोलत बसलास होय? कामाला लाग."

मोलकरीण सांगत होती: शेजारणीनं ते नाव भर विहिरीवर वाचलं. "हा लोरेन्झ कोण गं, अपोलोनिया?" सगळ्या हसल्या. ती घराबाहेर पडत नाही.

१७ मार्च
पाचही बोटं. वाकत नाहीत. डाव्या हातानं लिहितोय — त्याचाही अंगठा —

भावांनो, मला कोरणी धरवत नाही. तुम्हाला धरता येते. पत्रा मेजावर आहे. माझं नाव खरवडा. तिथं फाइट ओर्टल कोरा, आणि पहिला ठसा विहिरीवर, सगळ्यांदेखत, तिच्या हातात —