सोंडकिड्याचा पत्ता

प्रिय दादा,

पत्र पाहून तू आधी वहिनीला हाक मारशील आणि म्हणशील, "हिचा फोन बिघडला की डोकं?" फोन चांगला चालू आहे. रविवारी त्याच फोनवर तू "बोल गं, किडाबाई" म्हणालास आणि मी हवापाणी विचारलं, वहिनीच्या गुडघ्याचं विचारलं आणि पुन्हा हवापाणी विचारलं. "अगं, दोन मिनिटांत हवा बदलत नाही," असं म्हणून तू हसलास. मीही हसले आणि फोन ठेवला. मग खोलीभर नुसत्या फेऱ्या मारल्या. जे बोलायचं होतं ते तसंच राहून गेलं. कागदावर निदान तू मध्येच हसणार नाहीस, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणते खरी, पण एवढ्या चार ओळींत दोनदा उठून खिडकी उघडली आणि लावली.

आधी चांगली बातमी. आपला सोंडकिडा खरंच नवा आहे. जगात आजवर कुणी त्याचं वर्णन केलेलं नाही. भाचीला नीट समजावून सांग: वहिनीच्या तांदळात होतो ना, त्याचा हा लांबचा भाऊबंद. पण याला धान्य नको, लाकूड हवं. पानगळीनंतर तू विहिरीजवळच्या अक्रोडाची वाळलेली फांदी पोत्यात गुंडाळून पाठवलीस, "कसलीशी कीड आहे, औषध सांग" म्हणालास. मी ती कापून जाळीच्या डब्यात ठेवली आणि खरं सांगू, विसरून गेले. संग्रहालयातल्या माझ्या खोलीत असे डबे भिंतभर आहेत. खोली कायम गरम असते, त्यामुळे फांदीतल्या अळ्यांना वाटलं, उन्हाळा आला. एका सकाळी पाहते तर डब्याच्या तळाशी बारीक भुशाचा ढीग, फांदीला गोल भोकं, आणि जाळीला उलटा लटकलेला हा पठ्ठ्या. भाताच्या दाण्याएवढा, डांबरासारखा काळपट, पाठीवर फिकट खवल्यांचे दोन पट्टे, आणि पुढे किंचित वाकलेली सोंड.

तुला वाटत असेल, किडा दिसला की नाव दिलं आणि झालं. तसं नसतं रे. आधी सिद्ध करावं लागतं की हा दुसरा कुणी नाही. त्याच्या जवळच्या नातलगांचे जुने नमुने दुसऱ्या संग्रहालयातून मागवले. कापसात बसून, टाचणीवर डुलत ते आले. मी एकेकाला भिंगाखाली धरून मिशांची पेरं मोजली, सोंडेची लांबी मोजली, मागच्या पायावरचा काटा पाहिला. दिसायला जुळे भाऊ असले तरी नरांच्या पोटातला कठीण भाग वेगवेगळा असतो, तो केसाएवढ्या सुईनं बाहेर काढून पाहावा लागतो. याचा टोकाशी दुभंगलेला निघाला, बाकी कुणाचाच तसा नाही. मी खुर्चीवरून उठून थेट आमच्या विभागप्रमुख बाईंच्या खोलीत शिरले, दार न वाजवता. बाईंनी पुष्कळ वेळ भिंगातून पाहिलं आणि डोळा न काढता म्हणाल्या, "पेढी उघड, गिऱ्हाईक आलं. नवी जात आहे, लिहायला लाग." एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. आमच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढायला घेतलं, आणि मी तुला फोन केला. आठवतं ना तू काय ओरडलास? "माझं नाव दे त्याला! शाळेत नाही आलं कुठल्या यादीत, निदान किड्यांच्या तरी येऊ दे."

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. वर्णन लिहिताना एक रकाना असतो, किडा कशावर जगतो त्याचा. मी सरळ लिहिलं होतं: अक्रोडाचं वाळलेलं लाकूड. मग खात्री करावी म्हणून फांदीचे पातळ काप काढले. दादा, बोगदे वाळल्यानंतरचे नव्हते. ते सालीखाली, ओल्या लाकडात सुरू झाले होते. झाडानं भोवती नवी साल चढवून ते बुजवायचा प्रयत्नही केला होता, जागोजागी तसे वळ होते. म्हणजे फांदी मेली म्हणून किडा आला नव्हता. किडा आला म्हणून फांदी मेली होती.

मागच्या महिन्यात मी अचानक आले होते ते आठव. भाचीच्या परीक्षेनंतर तिला भेटायला आले असं मी सांगितलं, आणि वहिनीला ते लगेच पटलं, हेच मला जास्त लागलं. दुपारी तू मला बाग दाखवायला नेलंस. ट्रक चालवायची पक्की नोकरी सोडून तू हे खडकाळ रान घेऊन अक्रोड लावलेस तेव्हा आई म्हणाली होती, "याची फळं धरतील तेव्हा खायला तोंडात दात तरी असतील का?" आणि आता तू एकेका झाडाच्या बुंध्यावर थाप मारत सांगत होतास, यंदा हे धरणार, हे तर गेल्याच वर्षी धरलं, हे जरा आळशी आहे. तू पुढे चालत होतास आणि मी मागून खोडं पाहत होते. उतारावरच्या खालच्या टप्प्यावर सालीच्या भेगांत ताजा भुसा होता. मधल्या टप्प्यावरही. एका झाडाला मी कान लावला, तर तू वळून म्हणालास, "मिठी मारतेस काय? मार, मार, आईनंसुद्धा शेवटी मारली होती." आत कुरतडल्याचा आवाज स्पष्ट येत होता, दादा. मी म्हणाले, साल छान गार लागते. मग जेवायला बसलो. तू माझ्या ताटात वाढतच राहिलास आणि मी खातच राहिले, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

परत आल्यावर वर्णन पुरं केलं, एक ओळ सोडून. नव्या जातीचं वर्णन करताना पहिला नमुना कुठे मिळाला ते ठिकाण लिहावंच लागतं. गाव, रान, कुणाच्या मालकीचं, कुठलं झाड. तिथे मी कोरी जागा ठेवली. रोज सकाळी कागद उघडायचा, पायावरच्या काट्याचं वाक्य उगाच इकडचं तिकडे करायचं, आणि त्या जागेपाशी आलं की चहाला उठायचं. एकदा तर "डोंगराळ भाग" एवढंच लिहून पाहिलं. खोटं नाही, आणि खरंही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. माझे पाय टेबलाखाली सारखे हलत असायचे. शेवटी चित्रकारच वैतागला, "अहो, टेबल हलतंय, माझा किडा लंगडा होईल."

बाईंनी मसुदा वाचायला मागितला तेव्हा मी "डोंगराळ भाग" तसंच ठेवून दिला. त्यांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग मीच सगळं सांगितलं, तुझं रान, आईचं बोलणं, सगळं. त्या म्हणाल्या, "भावाच्या रानाखाली अजून कोणाच्या बागा आहेत?" मी म्हणाले, सगळ्या खोऱ्याच्याच. नदीकाठी तर जंगली अक्रोडही आहेत. त्या म्हणाल्या, "तुझ्या डब्यातले किडे उबेमुळे लवकर निघाले. बाहेरचे अजून लाकडात आहेत. ते उडायच्या आत काही केलं तर एक बाग जाईल. नंतर केलं तर मोजायला बागा उरणार नाहीत. आता तू मला सांग काय लिहायचं ते, मी सांगणार नाही." मला त्यांचा इतका राग आला की मी दार आपटलं. आणि त्याच रागात जाऊन ती ओळ लिहिली. तुझ्या गावाचं नाव, तुझं रान, विहीर. अक्षर चांगलं आलं, त्याचाही राग आला.

नाव मात्र मी तुझं दिलं नाही. तू रुसशील, रुस. यापुढे जिथे जिथे अक्रोड वाळतील तिथे लोक त्या नावानं बोटं मोडतील. चांगल्या माणसाचं नाव त्या किड्याला चिकटवायला माझा जीव धजला नाही. मी त्याच्या पोटातल्या त्या दुभंगलेल्या भागावरून नाव दिलं, दोन टोकं असलेला. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो घेऊ दे. निबंध स्वीकारला गेला, अभिनंदनाचे फोन आले. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी कप हातात धरून उभी होते आणि कुणी काय बोललं ते एक अक्षरही डोक्यात शिरलं नाही.

आता हे पत्र का, ते लिहिते. ठिकाण लिहिलं त्याच दिवशी मी वनस्पती संरक्षण खात्यालाही कळवलं. ते मीच कळवलं, बाईंनी नाही, हे तू माझ्याकडूनच ऐकावंस. गुरुवारी सकाळी त्यांची माणसं फाटकाशी येतील. खालचा आणि मधला टप्पा कापून तिथल्या तिथे जाळायचा हुकूम आहे. तोवर एकही ओंडका, एक ढलपीसुद्धा रानाबाहेर जाऊ देऊ नकोस, कुणी कितीही मागितलं तरी. वरच्या टप्प्यावर मला भुसा दिसला नाही. तो वाचवायला मी खात्याच्या साहेबांशी इतकी भांडले की त्यांनी शेवटी मलाच विचारलं, "मग दर आठवड्याला एकेक झाड तपासून सही कोण करणार, तुम्ही?" मी हो म्हणाले. हंगामभराची रजा घेतलीय. तुला न विचारता तुझ्या घरात एक माणूस वाढवतेय, वहिनीची समजूत तूच काढ. बुधवारच्या बसनं दुपारी उतरेन. घ्यायला येऊ नकोस, तेवढं चालायला हवंय मला. तू काय वाट्टेल ते बोल, फाटकात उभं करून बोल, मी ऐकेन. पण मग माझ्याबरोबर रानात चल. ती माणसं दुसऱ्या दिवशी खडूनं फुल्या मारतील. त्याआधी कुठलं झाड जाणार आणि का, ते मी तुला एकेका झाडापाशी थांबून दाखवणार आहे. तुझ्या झाडांचं मरण तुला परक्या माणसाकडून कळू नये, एवढंच माझ्या हातात उरलंय.

तुझीच,
किडाबाई