चार नंबरची गाडी

२ जून
आज रुजू झाले! आरोग्य कार्यालयाचा दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, डुगडुगणारी खुर्ची. ती बदलून द्यायला रुग्णवाहिकेचे चालक स्वतः वर आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. मीही लगेच भाची झाले. माझं काम शहरातल्या मृत्यूंचा नकाशा करायचं. आतापर्यंत नोंदीत नुसता घरचा पत्ता असे. मी प्रत्येक मृत्यूला जोडणार: फोन कुठून आला, गाडी कुठे थांबली, दवाखान्यात कधी पोचली. शवागार आणि मृत्यूनोंदणी सांभाळणाऱ्या परिचारिका ताई म्हणाल्या, आता मेलेल्यांनाही रांगेत उभं करणार म्हण की!

९ जून
गाड्यांचं ठिकाण यंत्र मिनिटामिनिटाला टिपतं. ते आज मृत्यूंच्या तक्त्याला जोडलं. अकरा जण ‘जिन्यावरून पडून, कवटी फुटून’ गेलेत. सगळे एकटे राहणारे. पण फोन त्यांनी स्वतःच केले होते, ताप आणि खोकल्यासाठी. अकराही जण चार नंबरच्या गाडीत. रस्ता दहा मिनिटांचा, लागला पाऊण तास. मधले थांबे एकाच ठिपक्यावर: लशींचं बंद पडलेलं शीतगृह.
चार नंबर मामा चालवतात.

१० जून
ताईंना नकाशा दाखवला. प्रेतं त्यांनीच पुसली होती. जखमा नाण्याएवढ्या गोल होत्या म्हणाल्या, तेव्हाच खटकलं होतं, पण तोंड उघडलं नाही. मग कार्यालयाच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, यंत्राची चूक असेल. आणि मामांनाच बोलावून नकाशा दाखवला. मामांनी शीतगृहाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाले, भाची हुशार आहे.

११ जून, दुपारी तीन
मामांची गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे हे स्क्रीनवर बघूनच आम्ही दोघी शीतगृहात आलो. पुरावा हवा होता. फरशीला केस चिकटलेले. कोपऱ्यात दात. ताई पोलिसांना फोन लावत होत्या — मामा मागून आले. चालत. ठिपका गाडीचा असतो, माणसाचा नसतो, हे मला — हातोडा ताईंच्या कानामागे बसला. ताई खाली बसल्या, उठू लागल्या. दुसरा घाव. तोंडावर. मी पळाले, ताईंना टाकून. आतल्या खोलीत. लोखंडी दार, कडी लावलीय. माझा फोन बाहेरच पडला, पिशवीत ही वही तेवढी आहे. अंगभर रक्त, माझं नाही.

साडेतीन
बिजागरीवर घाव घालतोय. ओरडत नाही. थांबतो, दम खातो, पुन्हा —

चार
ताई जिवंत आहेत. कण्हताहेत. तो म्हणतो, दार उघड, तिला गाडीत घालून नेतो. पुन्हा घाव — दारावर नाही. ताईंची किंकाळी.
एक गज सापडलाय. आता कडी काढणार. आधी त्याच्या गुडघ्यावर मारीन, मग हाता—