हद्दीतला पिवळा ठिपका

३ फेब्रुवारी
आजऱ्याहून कोल्हापुरात आले आणि पहिल्याच दिवशी खूश आहे. बायडाबाईंच्या घरी खोली मिळाली. माझ्या घरात कुणी उपाशी झोपत न्हाय, असं त्यांनी दारातच दरडावलं. माझं काम हलते नकाशे करायचं. शहराची पुढची वीस वर्षं दोन मिनिटांत पळतात: उसाचं हिरवं जाऊन घरांचं तपकिरी येतं, रस्ते रुंदावतात, त्यांवरून माणसांचे ठिपके धावतात. अव्वाला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, माझी लेक ज्योतिषी झाली.

१२ फेब्रुवारी
शहरालगतच्या गावकऱ्यांच्या सभेत नकाशा कुणाला पटेना. जोतीराम नावाचे दुकानदार उठून म्हणाले, ह्यो ठिपका म्हंजे कोण, त्ये सांगा की आधी. आमचे अमरसिंह सर म्हणाले, खरा माणूस घाल. मग मीच माझं नाव, खोली, ऑफिस भरून पिवळा ठिपका केला. फाईल जड झाली, म्हणून शहराभोवती हद्द आखली आणि ठिपक्यांच्या हद्दीबाहेर जायच्या सगळ्या फेऱ्या काढून टाकल्या. हद्दीला पोचलेला ठिपका आता मुकाट मागे फिरतो. पुढच्या सभेत टाळ्या पडल्या. माझी कॉलर ताठ.

२१ फेब्रुवारी
परवा आजऱ्यात अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. आजऱ्याची एसटी धरली, वाटेत डोळा लागला. कंडक्टरनं उठवून म्हटलं, म्याडम, उतरा, कोल्हापूर आलं की. मी कोल्हापुरातच तर बसले होते.

२२ फेब्रुवारी
आज टक्क जागी राहिले. बस कुठंच वळली नाही, तरी खिडकीबाहेर तेच स्टँड. रिक्षानं गेले, तेच. चालत गेले — बायडाबाईंचं दार.
ऑफिसात नकाशा उघडला. पिवळा ठिपका हद्दीवर आपटून परत येत होता. ठिपका पुसला, हद्द पुसली. दोन्ही पुन्हा उमटली. मला फार भीती वाटते आहे.

२३ फेब्रुवारी
ऑपरेशन हुकलं. अव्वाला सगळं सांगून बसले — सांगायला नको होतं. मला न्यायला तीच निघाली आहे. धड दिसत नसताना. येऊ नको म्हणून ओरडले. म्हणाली, गाडीत बसलेय.

२३, दुपार
नकाशावर दुसरा पिवळा ठिपका. मी केलेला नाही. आजऱ्याच्या रस्त्यानं —
फोन लागत नाही —
अजून हद्दीबाहेर आहे. अव्वा, उतर. तिथंच उतर, आत आलीस तर परत —