ओवेसच्या नावापुढचा हिरवा ठिपका

पनवेल,
१४ ऑक्टोबर २००९

प्रिय अरसलान यास,

दुल्हाभाई हाफिजकडून सलाम आणि पुष्कळ दुआ. तुझी तब्येत ठीक असेल, साखर आटोक्यात असेल आणि तिथल्या खजुरांपासून तू चार हात लांब असशील अशी उमेद आहे. इकडे सर्व खैरियत, म्हणजे पत्रात लिहिण्यापुरती आहे. पत्र मराठीत बघून चकित होऊ नकोस. तुझी बहीण उर्दू शाळेत शिकली आणि आपण दोघांनी मराठी शाळेत छड्या खाल्ल्या, त्याचा फायदा आज पहिल्यांदा होतो आहे. हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी अस्माला वाचता येणार नाही. (येत असतं तर मी ते लिहिलंच नसतं.)

तू विचारलं होतंस की उरणला यूम्नासाठी कॉम्प्युटर घेतो आहेस, तर त्यावरून तुमचं मियां-बीवीचं फुकट बोलणं होण्यासाठी कोणती सेवा बरी. योग्य माणसाला विचारलंस. आमचा ओवेस तुमच्या बहरीनला आल्यापासून अस्माचा धोशा होता, मुलाचा आवाज रोज ऐकायचा. फोनच्या बूथवर तिचं भागेना, कारण पहिली दोन मिनिटं रडण्यातच जायची. शेवटी रुमानाने कॉलेजातून असल्या सेवांची यादी आणली आणि एकेक आमच्या कॉम्प्युटरवर घालून बघायचं ठरलं. रुमानासाठी स्थळं बघतानाही मी इतकी चौकशी करणार नाही. पहिल्या सेवेत चार मिनिटं झाली की एक इंग्रज बाई मध्ये येऊन काहीतरी सांगायची आणि फोन तोडायची. अस्मा तिला दर वेळी सलाम करायची, बाईने एकदाही उत्तर दिलं नाही. दुसरीत आपलाच आवाज फिरून आपल्याकडे यायचा. अस्माने ‘जेवलास ना बेटा’ विचारलं, तेच परत ऐकलं आणि ‘हो, जेवले’ असं उत्तर दिलं. हे दोनदा झालं. ओवेसच्या वाट्याला काही आलंच नाही. तिसरीत चित्र दिसायचं, पण ते मध्येच थिजायचं. एकदा पोरगा तोंड उघडं ठेवून दहा मिनिटं तसाच राहिला. अस्माने आयत पढून स्क्रीनवर फुंकर मारली, तेव्हा हलला. (रुमाना म्हणते तो योगायोग. अस्मापुढे म्हणत नाही.)

चौथी मात्र सगळ्यांना पसंत पडली. आवाज असा की पोरगा शेजारच्या खोलीतून बोलतो आहे. शिवाय बाजूला नावांची यादी दिसते आणि नावापुढे हिरवा ठिपका लागतो. हिरवा म्हणजे लाइन चांगली, असा मी माझ्या मनाने अर्थ लावला. मशिदीतून निघताना कुणी ओवेसची खुशाली विचारली की मी अभिमानाने सांगायचो, उत्तम आहे, सकाळपासून हिरवा आहे. पंधरा दिवस असं सांगितल्यावर एकदा जेवताना रुमाना हसली आणि म्हणाली, “अब्बा, हिरवा ठिपका म्हणजे तो माणूस तिकडे कॉम्प्युटरसमोर बसलाय.” मी आणखी भात घेतला.

अरसलान, तुला त्याचं काम माहीत आहे. जहाजांच्या कारखान्यात उन्हात परांच्या बांधायच्या, सकाळी सहा ते दुपारी तीन. बसायला स्टूल नाही, तिथे कॉम्प्युटर कुठून येणार? तो आहे त्यांच्या खोलीवर, सगळ्या पोरांनी मिळून घेतलेला. आणि आपल्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा, म्हणजे तिकडच्या साडेआठला, ओवेस हिरवा. सोमवारी हिरवा, मंगळवारी हिरवा. फक्त शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खोलीवर गर्दी असते, तेव्हा नसतो. न राहवून परवा मी भलत्या वेळी फोन लावला. लगेच घेतला. म्हणाला, “अब्बा, ब्रेक झालाय.” मागे कुकरची शिट्टी झाली. जहाजांनाही शिट्टी असते, अशी मी मनाची समजूत घातली. पण तिसऱ्या शिट्टीला तो ‘एक मिनिट’ म्हणून गॅस बंद करायला गेला.

नोकरी गेली याचं मला इतकं दुःख नाही. मंदीत मोठमोठ्यांच्या गेल्या. पण रोज संध्याकाळी तो आईला सांगतो की आज फोरमन कसा ओरडला, ऊन किती होतं, पाण्याची बाटली कशी तापली. ती हेडफोन काढून त्याच्या डोक्यावरचं ऊन कमी व्हावं म्हणून दुआ मागते. खोटं बोलणारा मुलगा मी वाढवला नव्हता, आणि इतकं बारकाईने बोलणारा तर नाहीच. ऐकताना मला रडू येतं. मी चष्मा पुसायला म्हणून उठतो.

असो. तर यूम्नासाठी कुठलीही सेवा घे. अडखळणारी घे, इंग्रज बाई बोलणारी घे. माणूस कुठे बसला आहे ते दाखवणारी घेऊ नकोस.

तुझा दुल्हाभाई,
हाफिज

ता.क. कामाच्या एखाद्या दिवशी सकाळी सितऱ्याला ओवेसच्या खोलीवर जा आणि दार वाजव. मला कळलंय हे बोलू नकोस. एवढंच सांग की अब्बाचे गुडघे गेले, दुकान एकट्याने होत नाही, तू येऊन गल्ल्यावर बस. बापाला मदत करायला आलेला मुलगा मान वर करून येतो, मोहल्ल्यात कुणी काही विचारत नाही. हे मला फोनवर सांगता येत नाही. फुकट आहे म्हणून सगळं घर स्पीकर लावून ऐकतं.

ता.क. २. तुला निरोप्या करतो आहे तर खरं सांगितलं पाहिजे. दुकान नाही. नटबोल्टाचं गिऱ्हाईक केव्हाच कळंबोलीच्या बाजाराकडे वळलं, रमजानच्या आधी मी शटर ओढलं ते ओढलंच. म्हणून तर सकाळी अकराला मी कॉम्प्युटरसमोर असतो. ओवेसला काळजी नको म्हणून अस्मा त्याला रोज दुकानात किती गर्दी होती ते सांगते. ती पण फार बारकाईने सांगते.

ता.क. ३. पाकीट चिकटवण्याआधी रुमानाला सहज विचारलं, तिकडे आपल्या नावापुढे काय दिसतं? म्हणाली, “हिरवा ठिपका, अब्बा. पहिल्या दिवसापासून.” सकाळी रुमाना कॉलेजात असते, अस्माला कॉम्प्युटर लावता येत नाही, हे ओवेसला ठाऊक आहे. म्हणजे दुकानाच्या वेळेला मी घरी बसलेला असतो हे पोराने दोन महिने रोज पाहिलं आणि एका शब्दाने विचारलं नाही. तेव्हा गुडघ्यांचं राहू दे, दुकानाचंही राहू दे. त्याला सांग, अब्बाने घरी बोलावलंय.