आबा, तुमची हलगी मी दिली नाही

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन महिना होत आला. पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण काल गावात तुमची शोकसभा झाली, आणि तिथली किळस अजून जात नाही. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

पार लांबच्या वाटूरपासून माणसं आली होती. मोठा फ्लेक्स लावलेला. तुमचा फेटा, तुमची हलगी, खाली 'गावाचे लाडके लोककलावंत'. मांगवाडा हा शब्द कुठंच नाही! तुम्ही तर कुठंही गेलात तरी हलगी वाजवायचं टिपरू उचलायच्या आधी सांगायचात, "मी मांगवाड्यातला. ही हलगी माझ्या बापाची, त्याच्या बापाची. आता आयका." तेवढं बोलल्याशिवाय तुमचा हात उठत नसे.

सरपंच माईकवर म्हणाले, "आम्ही आबांची जात कधी बघितलीच न्हाई. कलाकाराला जात नस्ती." टाळ्या पडल्या. बघितली नाही? मग यात्रेत पालखीपुढं घामाघूम होईस्तोवर वाजवून तुम्ही देवळाच्या पायरीशी का थांबायचात? पालखी आत, टाळकरी आत, आणि तुम्ही बाहेर जाळावर हलगी शेकत उभे. तेव्हा यांना जात बरोबर दिसायची. कौतुक करायची वेळ आली की मात्र दिसत नाही!

तुमचाही राग येतो, आबा. "जाऊ दे पोरी, लोक आयकून तर राह्यले ना?" म्हणून हसायचात. एवढं कसं हो पोटात घातलंत?

सभेनंतर सरपंच जवळ आले. तुमची हलगी ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात ठेवायची म्हणे. "आता ती साऱ्या गावाची हाय."

"खाली 'मांगवाड्याची हलगी' असं लिहाल?" मी विचारलं.

"ते कशाला मधी आणतीस? आबा त्याच्या लई वर गेल्ते."

वर! म्हणजे आपला वाडा खाली. आजोबांनी तुमच्या हाताला लावलेलं वळण, कातडं ताणायची आपली रीत, सगळं पुसून टाकायचं आणि त्याला तुमचा मोठेपणा म्हणायचं. शी!

सभेत तुमच्या फोटोपुढं ठेवलेली हलगी उचलून मी सरळ घरी आणली. आई दारातच उभी होती; सरपंचांचं मागणं तिच्या कानावर आधीच आलं होतं.

"दिली न्हाईस ना?"

"न्हाई."

"बरं केलंस," म्हणाली आणि खुंटीवरची तुमची टोपी बाजूला करून तिनं जागा केली.

हलगी वाजवायला मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता ऐका. यंदा यात्रेत पालखीपुढं मी वाजवणार. पायरीशी थांबणार नाही, वाजवतच आत जाणार. आणि टिपरू उचलायच्या आधी साऱ्या गावाला सांगणार, "मी मांगवाड्यातली. ही हलगी माझ्या बापाची."

तुमचीच लेक,
शोभा